किती वेळा सेल्फ मारलास?

बॉनेट उघडायच्या आधी मेकॅनिककाकांनी एक प्रश्न विचारला. हात पुसत, माझ्याकडे न बघता, अगदी सहज. "बंद पडल्यावर किती वेळा सेल्फ मारलास?" मी म्हणालो, "एकदाच." ताई शेजारीच उभी होती. गाडी तिची, त्या दिवसापुरती मागून नेलेली मी. काकांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला. "सेल्फ मारला तेव्हा आवाज कसा होता? ठेक्यात होता की सलग?" आता मी चार वेळा किल्ली फिरवली होती, आणि चार वेळचे आवाज काही एकसारखे नव्हते. एकदाच सांगून बसल्यावर चारांतला एक निवडणं भाग होतं. मी शेवटचा निवडला, कारण तोच कानात ताजा होता. "सलग," म्हणालो. "मोकळं काहीतरी फिरल्यासारखा." काका म्हणाले, "मग चालत्या गाडीतच सगळं झालं असणार." ताई म्हणाली, "म्हणजे कोणाच्या हातात नव्हतंच." आणि तो विषय तिथे संपला, निदान त्या दोघांपुरता.

झालं होतं ते असं. चौकात थांबून पुन्हा निघालो. पहिल्यातून दुसऱ्यात गिअर टाकला, पाय जरासा दाबला, आणि पुढून एक 'टक्' ऐकू आला. हातोडीने लोखंडावर हलकेच मारावं तसा. त्याच्या पाठोपाठ आणखी एक. गाडीने हिसका दिला, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि स्टीअरिंग दगडासारखं जड झालं. कशीबशी कडेला घेतली. त्यानंतरची शांतता मला अजून आठवते. पंखा थांबलेला, एसीच्या जाळीतून येणारी हवा विरत चाललेली, आणि कुठूनतरी गरम तेलाचा बारीक वास. मी सेल्फ मारला. मग पुन्हा. मग ताईला फोन लावला, "बंद पडली गं" एवढं सांगितलं, फोन तसाच शेजारच्या सीटवर ठेवला आणि आणखी दोनदा सेल्फ मारला. शेवटच्या वेळी तर बराच वेळ किल्ली धरून ठेवली. गाडी चालू व्हावी ही इच्छा मनगटात इतकी साठली होती, की थोडा जोर लावला तर होईल असं वाटत होतं.

इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो सरकलेल्या इंजिनाला सेल्फ मारायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. बेल्टचं काही झालंय हेही ठाऊक नव्हतं. त्यामुळे मूळ चूक मी स्वतःला माफ करू शकतो. बंद पडलेल्या गाडीला कोणीही किल्ली फिरवून बघतोच. पण काकांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं, ते माहीत असून दिलं होतं.

हा प्रश्न पहिलाच का, ते मला पुढच्या काही दिवसांत कळत गेलं. चांगल्या इंजिनाला सेल्फ मारला की स्टार्टर त्याला मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांनी फिरवतो आणि त्या फिरण्याला एक ठेका असतो. दर सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना स्टार्टरला जोर लागतो, तो जोर निघून गेला की सुटका होते. धुप्, धुप्, धुप्, धुप्. चार सिलिंडरांचे चार ठोके, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराची झडप, नीट मिटत नाही, त्यात हवा दाबली जातच नाही आणि तेवढा ठोका गळतो. सगळेच गेले असतील तर ठोके उरतच नाहीत, नुसती एक गुळगुळीत घरघर ऐकू येते. म्हणजे एकही स्क्रू न काढता, नुसतं ऐकून, किती सिलिंडर शाबूत आहेत याचा अंदाज बांधता येतो. काका स्वतः पुन्हा सेल्फ मारून ते ऐकायला तयार नव्हते, कारण दर सेल्फमागे नुकसान वाढू शकतं. तो आवाज ऐकलेला एकमेव साक्षीदार मी होतो. म्हणून त्यांनी मला विचारलं.

वरचं प्लॅस्टिकचं कव्हर निघालं तेव्हा बेल्ट जागेवरच होता. मला वाटलं होतं तुकडे पडतील, चिंध्या निघतील. पण तो वरून चांगला दिसत होता, काळा, जरासा चकचकीत. काकांनी बोट लावून बघितलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. तेल. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या, टोकाचं सील पाझरत होतं, आणि ते तेल कोण जाणे किती महिने थेंबाथेंबाने बेल्टवर उतरत होतं. रबराला तेल सोसत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, दात मुळातून सैल होतात. खालचं कव्हर काढल्यावर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर हाताने हलवून दाखवला. त्याचं बेअरिंग खडखडत होतं, जिथे ताण हवा तिथे ढिलाई होती. आणि मग क्रँकच्या पुलीजवळ बेल्टच्या आतल्या बाजूचे ओळीने पाच-सहा दात साफ कातरलेले दिसले. बेल्ट घसरतो तो बहुतेक वेळा इथेच, कारण ही पुली सर्वांत लहान, आणि तिला एका वेळी मोजक्याच दातांचा आधार असतो. कॅमची पुली हिच्या दुप्पट दातांची. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हे इंजिनाचं गणित त्या दातांवर तोललेलं. त्या इंजिनात क्रँकच्या पुलीला वीस दात होते. एक दात सरकला की १८ अंश चुकले. खुणा जुळवून पाहिल्या तर तीन दातांचा फरक. ५४ अंश.

तीन दात. करंगळीच्या दोन पेरांइतकंही नाही ते.

घरी शिलाई मशीन होतं, पायाने चालवायचं. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या छोट्या चाकाकडे चामड्याचा गोल पट्टा गेलेला. तो सैल झाला की सटकायचा, चाक फिरत राहायचं आणि सुई जागच्या जागी थांबायची. आई काही न बोलता पट्टा काढायची, बोटभर कापायची, टोकं तारेच्या कडीने पुन्हा जोडायची आणि शिवायला लागायची. त्या सटकण्याने कधी काही बिघडलं नाही. फार तर एक टाका चुकायचा. आम्हांला बजावलेलं एवढंच होतं, की चाक उलटं फिरवायचं नाही. ते मी एकदा फिरवलं. दोरा खाली गुंतला, मी ओढला, सुई मोडली. आईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, आपोआप मोडली. ताई त्याच खोलीत भिंतीला टेकून वही लिहीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

पुढे वाचताना कळलं की दातांचा पट्टा मुळात शिलाई मशीनसाठीच घडवला गेला, १९४०च्या दशकात. चामड्याचा पट्टा घसरतो, सुई आणि खालचा दोरा यांचा मेळ सुटतो, म्हणून कोणालातरी पट्ट्याला दात द्यावेसे वाटले. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत तो आला १९६२ साली, जर्मनीतल्या ग्लास १००४ या लहानशा गाडीत. त्याआधी क्रँकपासून कॅमपर्यंत हे काम साखळ्या किंवा दातेरी चाकं करायची, आणि पुष्कळ इंजिनांत आजही साखळीच असते. बेल्ट हलका, आवाज न करणारा, त्याला तेलही लागत नाही. रबराच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात, त्यामुळे तो ताणला जात नाही. त्याची अट एकच, ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी बदलायचा, जे आधी येईल तेव्हा. ताईची गाडी फार चालत नव्हती. किलोमीटर बाकी होते. वर्षं उलटून गेली होती, आणि ती आम्ही दोघांनीही मोजली नव्हती.

घसरलेला पट्टा आईच्या मशीनला जे करत नव्हता ते इंजिनाला का करतो, याचं उत्तर अगदी ओबडधोबड आहे. आत जागा नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असताना खालून पिस्टन वर येत असतो, जळलेला धूर बाहेर ढकलत. तो अगदी वर पोचायच्या आत व्हॉल्व्ह जवळजवळ मिटलेला असावा लागतो. दोघांच्या मध्ये जेमतेम काही मिलिमीटर अंतर राहतं. शांतपणे उभ्या गाडीतही हे सेकंदाला सहा-सात वेळा घडतं, तीन हजार फेऱ्यांवर पंचवीस वेळा. कॅम क्रँकच्या मापाने ५४ अंश मागे पडला की व्हॉल्व्ह अजून खालीच असतो आणि पिस्टन येतो. व्हॉल्व्हचा दांडा पेन्सिलीपेक्षाही बारीक. तो वाकतो. सगळी इंजिनं अशी नसतात. काहींत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत, बेल्ट तुटला तरी नवा घालून गाडी चालू होते. पण व्हॉल्व्ह जास्त उघडावा, हवा जास्त दाबली जावी, त्याच इंधनात जास्त ताकद मिळावी यासाठी बऱ्याच इंजिनांत ती मोकळी जागा उरलेली नाही. डिझेलमध्ये तर ती नसतेच म्हटलं तरी चालेल.

काकांनी घाईने हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आधी त्यांनी क्रँकला पाना लावून चारही पिस्टन मधोमध आणले, कोणीच वर नाही, कोणीच खाली नाही. अशा स्थितीत कॅम कसाही फिरवला तरी काहीच आपटत नाही. मग खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, आणि पाना माझ्या हातात दिला. "दोन फेरे पूर्ण. हळू. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं." मी फिरवला. स्पार्क प्लग काढलेले होते, त्यामुळे तो सहज फिरायला हवा होता आणि फिरलाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबल्या जाताना पाना जरा जड व्हायचा, मग स्वतःहून पुढे ओढायचा. दुसऱ्या फेऱ्यात एका जागी मला वाटलं की काहीतरी टेकलं. थांबलो. काकांनी माझ्या हातावर हात ठेवून तेवढाच भाग पुन्हा फिरवला. "काही नाही. स्प्रिंग आहे." सातशे वीस अंश पुरे झाले. आता सेल्फ मारायला हरकत नव्हती, आणि काकांनी तो मारायला मलाच बसवलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, इंधन आणि ठिणगी बंद ठेवून, एकेका सिलिंडरच्या तोंडाला दाब मोजणारं गेज लावून. पहिला, ५ बार. दुसरा, ४. तिसरा, शून्य. चौथा, शून्य. चांगल्या पेट्रोल इंजिनात हा आकडा १० ते १३ च्या आसपास असायला हवा, आणि चौघांत फार फरक असता कामा नये.

मग त्यांनी उलटं केलं. एकेका पिस्टनला दाबाच्या टोकावर आणून प्लगच्या भोकातून आत हवा सोडली. सिलिंडर घट्ट असेल तर हवा आत राहते. नसेल तर ती जिथून पळते तिथे दोष. तेलाच्या झाकणाशी फुसफुसली तर पिस्टनच्या रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, पुढे हवेच्या नळीत ऐकू आली तर आत घेणारे व्हॉल्व्ह, मागे सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारे. मला मागे पाठवलं. मी गुडघ्यांवर बसलो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. काही क्षण काहीच नाही. मग एक गार झुळूक आली. सारखी, न थांबता, काजळीच्या वासाची. गाडीच्या या टोकाला मी नेहमी गरम धूर अनुभवलेला, आणि आता तिथून थंड हवा हाताला लागत होती. काकांनी पुढून ओरडून विचारलं, "येतेय?" मी म्हणालो, "येतेय." चारही वेळा आली. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी जोरात, पहिल्या-दुसऱ्याच्या वेळी बारीक.

दोघांचं जास्त आणि दोघांचं कमी, ते माझ्या डोक्यात तिथेच अडकलं.

हेड उतरलं तेव्हा पिस्टन उघडे पडले. काजळीने काळे झालेले चार गोल, आणि प्रत्येकावर व्हॉल्व्हच्या कडेने उमटवलेल्या चंद्रकोरी. तिसऱ्या आणि चौथ्यावरच्या खोल, आतलं ॲल्युमिनिअम चकाकत होतं. पहिल्या-दुसऱ्यावरच्या नुसत्या काजळी पुसल्यासारख्या, नखाला जेमतेम जाणवतील अशा. काकांनी नख फिरवून बघितलं. "ही दोन वेगात लागलीत," ते म्हणाले, "ही दोन हळू." पुढे काही बोलले नाहीत. मला मात्र आता पुरतं समजत होतं. या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. तिसऱ्याच्या मागून चौथा, मग दुसरा, मग पहिला. बेल्ट सरकला तेव्हा गाडीला वेग होता, त्यात तिसरा आणि चौथा आपटले, ते दोन 'टक्' बहुधा तेच. इंजिन तिथेच गुदमरलं. राहिलेल्या दोघांना हलक्या हाताने त्या जागी नेलं ते बंद पडत जाणाऱ्या शेवटच्या फेऱ्याने, किंवा स्टार्टरने. म्हणजे मी.

वाकलेला व्हॉल्व्ह डोळ्यांना वाकलेला दिसेलच असं नाही. काकांनी काचेचा एक तुकडा सपाट ठेवला आणि त्यावर एकेक व्हॉल्व्ह लोळवला. तिसऱ्याचे लोळता लोळता उचंबळले, एका बाजूने काच सोडून वर आले. पहिल्याचा मात्र जवळजवळ सरळ लोळला. काच उजेडासमोर धरली तेव्हा दांड्याखाली केसाएवढी उजेडाची रेघ उघडत आणि मिटत गेली. तेवढ्याने दाब १२ वरून ५ वर. मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत होतो. रस्त्याच्या कडेला एकदा किल्ली फिरवून सोडून दिली असती, तर ती रेघ तिथे असती का?

एका सेल्फनेही ती झाली असती, हे खरं आहे. चार-पाच सेकंदांच्या एका सेल्फमध्ये इंजिन पंधरा फेरे सहज घेतं आणि चारही सिलिंडर त्या जागेवरून जातात. पण एकदा हलकं टेकणं वेगळं आणि पंधरा-पंधरा फेरे चार वेळा टेकत राहणं वेगळं. याचा निकाल लागू शकला असता तो फक्त त्या आवाजांवरून. पहिल्या सेल्फला दोन ठोके होते का? दोन सिलिंडर तेव्हा घट्ट होते का? मला आठवतं की होते. धुप् धुप्, मग रिकामं, पुन्हा धुप् धुप्. चौथ्या वेळी ते नव्हते. पण हे मला केव्हा आठवलं? ठोक्यांचा अर्थ कळल्यावर. त्या आधी माझ्यापाशी नुसता एक अस्वस्थ करणारा आवाज होता, त्याला भाग नव्हते. आता मी रोज तो मनात वाजवतो आणि रोज तो थोडा अधिक स्पष्ट होतो, अधिक ठेक्यात. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. काकांनी विचारलं त्या सकाळी खरं सांगितलं असतं, तर तो आवाज कच्चा, न घासलेला, त्यांच्या कानावर गेला असता. त्यांनी त्यातून काय ते काढलं असतं. दुरुस्तीत त्याने काडीचाही फरक पडला नसता, हेड तर उतरणारच होतं. मला माझा वाटा किती ते कळलं असतं.

दर सिलिंडरचे दोन, असे आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे बसले. पिस्टन राखता आले. चंद्रकोरींच्या कडा घासून बोथट केल्या, तडे कुठे दिसले नाहीत. सील, टेन्शनर, आणि त्याच बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंपही बदलला, कारण तो अडकला तर हीच गोष्ट पुन्हा घडते. नव्या व्हॉल्व्हांच्या कडा पेस्ट लावून बैठकीत घासताना काका प्रत्येकाला तळहातांत घुसळत होते, रवी फिरवावी तशी. करड्या रंगाची अखंड कडी उमटेपर्यंत. एक कडी एका जागी फिकट दिसली म्हणून त्यांनी तो व्हॉल्व्ह पुन्हा पहिल्यापासून घेतला. गेज पुन्हा लावलं तेव्हा आकडे आले १२, १२, साडेअकरा, १२.

गाडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. ताई चालवायला बसली, मी शेजारी. जुने व्हॉल्व्ह काकांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले होते आणि ते मांडीवर जड वाटत होते. तिने किल्ली घातली. फिरवायच्या आत मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी एकदा नाही, चार वेळा सेल्फ मारला होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोनदा तर मी फोनवर ऐकलं."

मला त्या सीटवरच्या फोनची त्या क्षणी पहिल्यांदा आठवण झाली. गॅरेजमध्ये ती माझ्या शेजारी उभी राहून 'कोणाच्या हातात नव्हतंच' म्हणाली होती, तीही आठवली. माझा गळा दाटून आला, पण तरीही मी विचारलंच. "आवाज कसा होता? ठेक्यात होता का?"

तिने थोडा विचार केला. "आवाज नाही रे लक्षात," म्हणाली. "तू सारखं 'होईल चालू, होईल चालू' म्हणत होतास. तेवढंच ऐकू येत होतं."

आणि तिने किल्ली फिरवली.